आपांनी रेडिओ मोठा केला

चार कॉम्प्युटर, सुटे भाग जोडून.
चारही जोडणारी केबल, प्रत्येक टोकाचा प्लग स्वतः दाबून बसवलेला.
मॉनिटरचा भार पेलणारी सागवानी फळी.
मागच्या दारी अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा घालून. अजून चोख आहे, गेल्या महिन्यात मीच तपासला.

भोरच्या शहनाझआपांच्या दुकानात एवढं मी माझ्या हातांनी केलं.

आज पहाटे आपा गेल्या.

लोक मला विचारतात, सायबर सिक्युरिटीचा कोर्स कुठून केलात?
कोर्स नाही. बारावी, रद्दीत मिळालेली इंग्रजी कॉम्प्युटर मासिकं, आणि आपा.

स्टँडजवळ आधी त्यांचं एसटीडी बूथ होतं. केबिनचं दार कधी नीट लागलं नाही. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं.
गिऱ्हाईक आत गेलं की आपा रस्त्याकडे तोंड करून बसायच्या आणि रेडिओ मोठा करायच्या. उन्हाळा असो, पाऊस असो.

एकदा मी कारण विचारलं.
"फोन त्यांचा हाय, दत्ता. माझं फकस्त मीटर."

२००२ च्या आसपास बूथ थंडावलं. मी म्हणालो, इंटरनेट सुरू करू. आपांनी सोन्याच्या बांगड्या मोडल्या आणि मी मशीन जोडली.

आता आमच्याकडची गंमत ऐका.
पासवर्ड म्हणजे आपल्या गावाचं नाव, असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. हिर्डोशीच्या सगळ्यांचा हिर्डोशी, भाटघरच्यांचा भाटघर. एसटीच्या पाटीसारखं. कोणी विसरला तर शेजारचा ओरडून सांगायचा, "आरं, तुझं गाव टाक की!"

मी एकेकाला बसवून पासवर्ड बदलून घेतले. मला वाटलं, झालं काम.
नव्हतं झालं.

विंझरचे बाळूतात्या दर बाजाराला यायचे. त्यांचा मुलगा दुबईला. तो मेल पाठवायचा, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. तात्या एका बोटाने पासवर्ड टाकायचे, आपा जवळ बसून हळू आवाजात मेल वाचून दाखवायच्या.

तेव्हा वेल्ह्याच्या रस्त्याला जमिनी विकल्या जाऊ लागल्या होत्या. मुलाने लिहिलं होतं, कमीत कमी अमुक भाव आला तरच रस्त्याकडची पट्टी द्या.
जमिनीचा एजंट तात्यांच्या घरी आला आणि नेमका तोच आकडा बोलला. एक रुपया वर नाही, खाली नाही.

तात्या भर दुकानात उभे राहिले. आवाज चढवला नाही, हे जास्त लागलं.
"पोराचा मेल तिघांनाच ठावं. त्याला, मला आन् तुमाला. मंग एजंटाला कुनी सांगितलं, आपा?"

तात्या गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात तीन माणसं. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी नाही.
स्टँडवर बोललं जाऊ लागलं, बाई मेल वाचते आणि विकते.

आपा मला एवढंच म्हणाल्या, "बघ काय ते. माझ्यात असंल तर मला सांग."

मी चारही मशीन उघडली. मशीन सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम सुरू होतात, ते एकेक तपासलं. तिसऱ्या मशीनवर एक अनोळखी निघाला. मी टाकलेला नव्हता. मी टाकलेलं सगळं मला पाठ होतं.
त्याच्या शेजारी एक फाईल. मी कीबोर्डवर माझं नाव टाइप केलं. फाईलचा आकार तेवढ्याच अक्षरांनी वाढला.

किल्लीचा ठसा साबणावर घ्यावा, तसं. जो जे टाइप करील ते सगळं त्यात. गावोगावचे पासवर्ड, पत्रं, भांडणं, स्थळं. तात्यांचाही पासवर्ड; तो हाती आला की त्यांचा मेल कुठूनही उघडता येतो.

मी आपांना दाखवलं. म्हणालो, उघडून बघतो, कोणी बसवलं ते कळेल.

आपांनी रेडिओ मोठा केला.
"वाचू नगंस. पुस."

आज मी टीमला सांगतो, पुरावा कधी पुसायचा नाही. ते बरोबरच आहे. पण न वाचता ठेवायचा, हे त्याच्याही आधी सांगतो.

मग आपांनी जे केलं ते मी आजवर कुठल्या मोठ्या कंपनीतही पाहिलं नाही.
बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून प्रत्येकाला सांगितलं: माझ्या मशीनवरनं तुमचं फुटलंय. पासवर्ड बदला. माझ्याकडंच बदला असं न्हाई, कुठंबी बदला.

पहिले आत आले ते बाळूतात्याच. टोपी काढून तिसऱ्या मशीनवरच बसले.
"चुकलो, आपा. आता नवा काय ठेवू?"
अख्खं दुकान सुचवायला लागलं. बैलाचं नाव ठेवा, नातीचं ठेवा.
आपांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मलाही. आणि रेडिओ लावला.

पुढच्या वर्षी पुण्यात एका कंपनीच्या मुलाखतीत मी हीच हकिकत सांगितली. डिग्रीचा विषय निघालाच नाही. नेमणूकपत्रावर लिहिलं होतं, सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट.
आपा गिऱ्हाइकांना सांगायच्या, "दत्ता कुलपाचं काम करतो. कुलूप दिसत न्हाई, पन असतं."

आपा, एक गोष्ट तुम्हाला अर्धीच सांगितली होती.

तात्या परत आले त्याच आठवड्यात तो एजंट मला स्टँडवर भेटला. प्रोग्रॅम त्याचाच होता. हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्याला मशीनवर बसू देणं बंद केलंत. फोन मात्र करू दिलात, आणि त्याच्यासाठीही रेडिओ मोठा केलात.

पण तो काय बोलला, ते सांगितलं नाही. ऐकून तुम्ही बक्षीस म्हणून दुकानात माझा वाटा लावला असता, आणि तो मला नको होता.

तो म्हणाला, परत बसव, बाईला कळणार नाही. महिन्याला एकदा फाईल द्यायची, बास.
रोख चाळीस हजार.

मी नाही म्हणालो, आपा.

आता निवांत झोपा. दुकानाकडे माझं लक्ष आहे.