चेंडू आधी, बॅट मागाहून

पक्षाघाताचा झटका हलका होता असं सगळे म्हणाले. ज्याला येतो त्याला तो हलका वाटत नाही, पण ते असो. जीभ तीन आठवड्यांत ताळ्यावर आली, उजवा हात मात्र मागे राहिला. बँकेतून निवृत्त होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शेवटची बदली लखनौला झाली होती आणि आम्ही दोघं तिथल्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या घरात कायमचे राहिलो. माझ्या बदल्यांमुळे उत्तरेत वाढलेला, घरातही हिंदीच बोलणारा मुलगा तोवर नोकरीसाठी बंगळूरला गेला होता.

हाताच्या व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या. त्यांनी एकदा टीव्हीखाली मुलाचा शाळेच्या दिवसांतला व्हिडिओ गेमचा डबा पाहिला. "अंकल, ये चलता है? इससे अच्छी एक्सरसाइज़ तो मैं भी नहीं करा सकती."

डबा चालत होता. त्यात टेबल टेनिसचा एक खेळ होता आणि टेबल टेनिस मी बँकेच्या स्पर्धांमधून वीस वर्षं खेळलो होतो. रोज सकाळी चहा झाला की मी आमच्या जुन्या, पाठीला कुबड असलेल्या टीव्हीसमोर बसायचो. सुरुवातीला अंगठा बटणापर्यंत पोचेपर्यंत पॉइंट गेलेला असायचा. मग तो पोचायला लागला. दसऱ्याच्या आसपास मी पहिला गेम जिंकलो, अकरा-आठ. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात मी स्कूटर काढून चौकापर्यंत जाऊन आलो.

दिवाळीला मुलगा भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही घेऊन आला. जुना त्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेला. मुलानेच गेमच्या वायरी नव्या टीव्हीला जोडून दिल्या. "अब खेलिए बाबा, पूरा स्टेडियम लगेगा."

चित्र खरंच मोठं होतं. चेंडू आला, मी बटण दाबलं, चेंडू निघून गेला आणि त्यानंतर बॅट फिरली. पहिला गेम अकरा-दोन हरलो. दुसऱ्यात एकही पॉइंट मिळाला नाही. मुलगा शेजारी बसून बघत होता. त्याने माझ्या हातातून कंट्रोलर घेतला, खेळला, त्याचेही दोन-तीन चेंडू सुटले. तो हसला. "कंट्रोलर पुराना हो गया है." आणि कंट्रोलर परत माझ्या हातात दिला.

मी हट्टाने आठवडाभर खेळलो. जितकी घाई करायचो तितकं बिघडायचं. एका सकाळी मी कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि म्हणालो, "माझं डोकंच हळू चालतंय आता." बायको दारात उभी होती. दुपारी मला तिचा आणि मुलाचा आवाज बाल्कनीतून ऐकू आला.

"पुन्हा काहीतरी होतंय त्यांना. सकाळी तर त्यांनाच जाणवलं."

"डॉक्टर को दिखा देते हैं, मम्मी. और स्कूटर तो अब बिल्कुल नहीं."

डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन काढला. नवीन काही दिसलं नाही, पण बटण उशिरा दाबलं जातं हे मुलाने सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि वयाचा उल्लेख केला. स्कूटर मुलाने जाण्यापूर्वी विकून टाकली. मला विचारलं, नाही असं नाही, पण ग्राहक दारात उभा असताना विचारलं. घरात मला चहा अर्धा कप मिळायला लागला, सांडू नये म्हणून. भाजी चिरायला घेतली तर सुरी हातातून हळूच काढून घेतली जायची. मीही सोडून द्यायचो. कुणी काही विचारलं की मी आधी थांबायचो, उत्तर मनात दोनदा तपासायचो आणि मगच बोलायचो. ते थांबणं बघून बायकोची खात्री आणखी पक्की व्हायची.

फिजिओथेरपिस्ट बाई दिवाळीच्या सुमारासच आईच्या आजारपणामुळे गोरखपूरला गेल्या होत्या. दोन महिन्यांनी, जानेवारीतल्या धुक्याच्या एका सकाळी त्या आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली, माझ्या बोटांमध्ये उभी धरली आणि न सांगता सोडली. मी पकडली. दहा वेळा सोडली, नऊ वेळा पकडली.

"हाथ तो पहले से अच्छा है, अंकल. खेल दिखाइए."

मी खेळलो आणि हरलो. मग त्यांनी कंट्रोलर घेतला. बटणाची टकटक ऐकली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा टकटक केली. "अरे, ये तो मेरा भी लेट आ रहा है. टीवी लेट है, अंकल. आप नहीं."

त्यांच्या घरी भाऊ असले गेम खेळायचा, म्हणून त्यांना ठाऊक होतं. हे टीव्ही चित्र आधी सजवतात आणि मग दाखवतात, त्यात पापणी लवण्याइतका वेळ जातो. सिनेमा बघताना कळत नाही, खेळताना कळतं. रिमोट घेऊन त्यांनी चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम' असं लिहिलेलं निवडलं. मी बटण दाबलं आणि बॅट अंगठ्याबरोबर फिरली.

मला आनंद झाला नाही. मी कंट्रोलर बाजूला ठेवला.

मी मुलाला फोन लावला. "अच्छा, गेम मोड बंद था? हाँ बाबा, वो तो ऑन करना पड़ता है."

"तुला माहीत होतं?"

"सबको पता होता है."

"मग मी हरत होतो तेव्हा का नाही आठवलं?"

"आपकी तबीयत थी न बाबा. ध्यान ही नहीं गया उधर."

त्याचे स्वतःचे चेंडू सुटले तेव्हा दोष यंत्राचा होता. माझे सुटले तेव्हा यंत्राकडे बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

फोन ठेवून मी बायकोकडे गेलो. ती मटार सोलत बसली होती. मी म्हणालो, "मी मंदावलोय हे तुम्ही दोघांनी किती पटकन मानलंत."

तिने वर पाहिलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती फक्त दमलेली दिसली. "अहो, डोकं हळू चालतंय हे आधी कोण म्हणालं? मी म्हटलं का? तुम्ही स्वतःच तसं म्हणाला नसतात, तर मी तुमच्या बाजूने भांडले असते."

ते पहिल्यांदा मीच म्हणालो होतो. फिजिओथेरपिस्ट बाई आत सामान आवरत होत्या, त्यांना निघायचं होतं, म्हणून मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.