कुचेराबाईंच्या पुसलेल्या खुणा

श्लोंस्कच्या कोळसापट्ट्यातल्या एका तंत्रविद्यापीठात प्रोफेसर इग्नात्सी विरोबेक यांनी पस्तीस वर्षं एकच ध्यास घेतला होता. बॉयलरच्या जोडातली चीर बॉयलर न कापता शोधायची. जोडाचा एक्स-रे काढायचा आणि ती फिल्म माणसाऐवजी यंत्राने वाचायची. त्या नादात लग्न राहून गेलं. त्यांच्या नामदिनाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या दिवशी, पूर्वी सहकारी केक खायला जमत, तेही येईनासे झाले, कारण हा गृहस्थ केक कापतानाही आकडेवारी ऐकवायचा.

यंत्राला शिकवायला सात हजार फिल्म जवळच्या बॉयलर कारखान्याने दिल्या. तिथे ओतिलिया कुचेरा नावाच्या बाई उजेडाच्या पेटीवर फिल्म ठेवून, डोळ्यांत तेल घालून चिरा शोधत आणि त्यांच्याभोवती पिवळ्या मेणपेन्सिलीने गोल काढत. कुठे काय सापडलं याची यादी करून, प्रोफेसरांच्याच सांगण्यावरून, यंत्राला खूण दिसू नये म्हणून, त्या फडक्याने गोल पुसून फिल्म पाठवत. दर वेळी म्हणत, "तासभर बसा ना शेजारी, चीर कशी दिसते ते दाखवते." प्रोफेसरांना कधीच वेळ झाला नाही.

या फिल्ममधल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव चिरा यंत्र पकडू लागलं. त्यावर साठ शोधनिबंध झाले. निवृत्तीला महिना उरला असताना करार ठरला. यापुढे कारखान्यात फिल्म फक्त यंत्र वाचणार. सही सोमवारी होती. शुक्रवारी प्रोफेसरांनी दुसऱ्या एका कारखान्याच्या चाळीस फिल्म सहज यंत्राला दाखवल्या. ते जोड आधीच कापून तपासलेले होते, त्यांत अकरा चिरा निघाल्या होत्या. यंत्राला एकही दिसली नाही.

शनिवारचा अख्खा दिवस ते भिंग घेऊन जुन्या फिल्म बघत बसले. जिथे जिथे चीर नोंदलेली, तिथे तिथे फिल्मवर फडक्याचे बारीक ओरखडे होते. यंत्र चीर ओळखायला शिकलंच नव्हतं. ते बाईंचं पुसणं ओळखत होतं. हे कुणाला तरी सांगावं म्हणून प्रोफेसरांनी फोन हातात घेतला, तर एकही नाव सुचेना.

रविवारी दुपारी ते कुचेराबाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेले. बाई निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. आवाज ऐकताच त्या म्हणाल्या, "अग बाई, प्रोफेसरसाहेब! चौदा वर्षं जिना सापडत नव्हता वाटतं?"

सगळं ऐकून बाई खोकला येईपर्यंत हसल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुमचं यंत्र माझ्या फडक्याच्या मागे मागे फिरत होतं!"

"हसू नका हो. उद्या सही आहे. गप्प बसलो तर प्रयोगशाळेला माझं नाव देणार आहेत."

"आणि बॉयलरशेजारी कोण उभं असणार, तुम्ही? माझा भाचा असतो तिथे."

प्रोफेसरांनी बॅगेतून एक फिल्म काढली. "एकदा दाखवा मला. कशी दिसते चीर?"

"काय दाखवू, राजा? साखरेने दोन्ही डोळे नेले माझे. तुम्हीच बघा आणि मला सांगा."

त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. सगळं नुसतं राखाडी. बघता बघता त्यांना रडू फुटलं. "मला काही दिसत नाही, बाई. मला कधीच दिसत नव्हतं."

सोमवारी सभेत पेन पुढे आलं तेव्हा प्रोफेसर उठून उभे राहिले. "सही करू नका," ते म्हणाले. "हे यंत्र आंधळं आहे. चीर त्याला दिसत नाही, मलाही दिसत नाही." मग फडक्याची हकीकत त्यांनी काही न लपवता सांगितली. डीन चिडून म्हणाले, "मग त्या सात हजार फिल्ममधल्या चिरा शोधल्या कुणी?"

"ओतिलिया कुचेरा यांनी."

सचिवबाईंनी इतिवृत्तात लिहायला पेन टेकवलं आणि वर पाहिलं. "या कुठल्या विभागाच्या? नाव कधी वाचल्याचं आठवत नाही."

"वाचणार कुठून?" प्रोफेसर म्हणाले. "साठ निबंध लिहिले मी. एकातही ते घातलं नाही."