तीन मतांचं घर

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा काही काम नसताना शेतात निघून गेले. पेरणीला महिनाभर अवकाश होता, शेतात ढेकळांखेरीज काही नव्हतं. एसटीपर्यंत सोडायला माय एकटीच आली. फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा हातात देत ती म्हणाली, "आबावर राग धरू नको, भाऊ." मग आणखी काही सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी वाजवली. ते सांगायला तिला पुढे सात वर्षं लागली.

अमळनेरहून सुरतेची गाडी धरली. आमच्याकडून सुरतेच्या उधन्याला आलेल्यांना त्या गाडीचं काय सांगायचं! नंदुरबारपर्यंत माणूस गावचा असतो, पुढे कधीतरी तोंडातल्या अहिराणी 'शे'चा गुजराती 'छे' होतो. माझाही झाला. साड्यांच्या मार्केटात पार्सलांवर पत्ते लिहायची नोकरी लागली. अक्षर चांगलं म्हणून शेठ खूश. बी. ए. कशात केलं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

केलं होतं राज्यशास्त्रात, अमळनेरच्या कॉलेजात. आबांना हा विषय काही पटला नव्हता. "राज्य कोठे शे आपलं, तेनं शास्त्र शिकस?" असं म्हणायचे. पण चारचौघांत "आमचा पोरगा राजकारणाचं शिकतोय" हे सांगताना त्यांचा हात मिशीवर जायचा, हे मी पाहिलेलं आहे. एम. ए.ला पुण्याला पाठवायलाही ते तयार झाले होते.

सुट्टीत घरी आलो की मी चुलीशेजारी बसून मोठमोठ्यानं पाठांतर करायचो. माय भाकरी थापायची. एकदा गुप्त मतदानावरचं उत्तर घोकत होतो, तर तिनं विचारलं, हे गुप्त म्हणजे कितीसं गुप्त? मी मास्तरकीच्या थाटात सांगितलं, अगदी कोणालाच सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. ती पदर तोंडाला लावून हसली. ओट्यावर गप्पा मारायला येणाऱ्यांनाही मी हेच ऐकवायचो. पुस्तक नवं होतं, आणि तोंड त्याहून नवं.

तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या वॉर्डातल्या पंचायतीच्या एका जागेची पोटनिवडणूक लागली. एका बाजूला आबांचे चुलतभाऊ नाना, निशाणी कपबशी. दुसऱ्या बाजूला शिवणकाम करणारे दगाभाऊ, निशाणी छत्री. दगाभाऊंनी आमच्या गल्लीत पाण्याचा हापसा आणायचं कबूल केलं होतं. नानांनी काही कबूल केलं नव्हतं, घरच्या माणसाला त्याची गरज नसते. आबांनी भर ओट्यावर नानांच्या हातात नारळ ठेवला आणि शब्द दिला, आमच्या घरातली तिन्ही मतं कपबशीला. मायला कोणी विचारलं नाही. मला विचारलं नाही याचा मात्र मला राग आला होता.

मतदानाचं वय नुकतंच अठरावर आलेलं, माझं ते पहिलं मत. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो, शिक्का उचलला, हात सरळ छत्रीकडे गेला. आणि तिथे मला तो नारळ दिसला. मी कपबशीवर शिक्का मारून बाहेर आलो. तीन वर्षं जे घोकलं ते करायची वेळ आली तेव्हा माझी छाती झाली नाही, हे खरं आहे.

मोजणीत दोघांची मतं सारखी भरली. चिठ्ठी टाकली, ती छत्रीची निघाली. संध्याकाळपर्यंत सगळी भाऊबंदकी बोटं मोजत बसली की घात कोणी केला. बोटं फार मोजावी लागली नाहीत. गुप्त मतदानावर भाषणं कोण देत होता? आबांनी मला आत बोलावलं. मी शपथेवर सांगितलं की माझं मत कपबशीलाच होतं. ते एवढंच म्हणाले, "मना शब्द गया." माय कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर आबा माझ्याशी बोलले नाहीत. मीही इरेला पेटलो, पुन्हा सांगायला गेलो नाही. पुण्याचा विषय निघालाच नाही. परीक्षा झाली आणि मी ओळखीच्या एका पोराच्या खोलीवर, उधन्याला आलो. चोरी न करता चोर ठरलो, आणि जी चोरी करायला हवी होती तीही केली नाही, असं मला कित्येक वर्षं वाटत राहिलं. दिवाळीला जायचो, पाया पडायचो, आबा पाठीवर हात ठेवायचे आणि उठून जायचे. हापसा मात्र झाला, आमच्या दारापासून वीस पावलांवर. त्याचं पाणी पिणार नाही, असं आबांनी जाहीर केलं होतं. माय तेच पाणी भरायची आणि कुठलं ते बोलायची नाही.

माझ्या मुलीच्या बारशाला माय सुरतेला आली. सकाळी नळ आला, बादली भरून वाहायला लागली तरी ती नुसती बघत उभी. मी नळ बंद केला तेव्हा म्हणाली, "छत्रीले मी दिन्हं व्हतं, भाऊ."

मला काही उमजेना. मग उमजलं आणि असा संताप आला की काय सांगू. "माय, माझं पुणं गेलं गं," मी म्हणालो. तिचे डोळे भरले. "माहीत शे. रोज वाटे, आज सांगसू. हिंमतच व्हये ना." मग डोळे पुसून, जरा ताठ होऊन म्हणाली, "पानी आनाले कोण जाये? तुना आबा का मी? आनि तूच सांगेल व्हतं, नवरालेबी सांगानं नही."

तीन वर्षं कॉलेजात बसलो मी, आणि परीक्षा दिली हिनं. मला रडू आलं, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला.

त्या दिवाळीला आबा ओट्यावर माझ्याशेजारी बसले. थकले होते. म्हणाले, "भाऊ, आते तरी सांग. छत्रीले तूच दिन्हं ना?" माय दारात लोटा घेऊन उभी होती.

"हा आबा. मीच," मी म्हणालो.

आबांनी मोठा श्वास सोडला. "मतना राग नव्हता माले. तू खोटं बोलना, तेना राग व्हता," म्हणाले, आणि माझा हात हातात घेऊन बसले. खरं बोललो तेव्हा बाप गेला होता, खोटं बोललो तेव्हा परत मिळाला. मायनं लोटा पुढे केला. आबांनी आधी मला दिला, मग उरलेलं पाणी स्वतः प्यायले.

तुम्ही गावी राहिलेले विचारता, तू आता सुरतेचाच झालास ना? खोली इथे, रेशनकार्ड इथे, पोरीची शाळाही इथेच असणार. मागच्या महिन्यात मतदारयादीवाला माणूस दारात आला होता. मी नाव दिलं नाही. ते गावच्या यादीत आहे, आबा, माय आणि त्याखाली मी, आणि तिथून ते काढायचं माझ्या मनात येत नाही. येत्या पंचायतीला मी गावी येणार आहे. आबा नारळ कोणाच्याही हातात ठेवोत. मी मत कोणाला देणार ते मायलाही सांगणार नाही.