एक घंटी म्हणजे खुशाल

दुकानात एसटीडी बूथ असला की माल संपतो, किस्से संपत नाहीत! नव्वदच्या दशकात पापडीला माझ्या दुकानात असा बूथ होता. घरोघरी फोन नव्हते, म्हणून गावाचे निरोप माझ्याकडे यायचे. पैसे वाचवायची युक्ती ठरलेली. एक घंटी वाजवून कट केलं, की समजायचं सगळं खुशाल. उचलायचं नाही!

रिटायर्ड इनास मास्तर रोज माझ्या बाकावर पेपर वाचत बसायचे. म्हणायचे, "एक शब्द न बोलता बातमी पोचते. मग माहिती असते कुठे? घंटीत, की आपल्या डोक्यात?"

मी म्हणायचो, "मास्तर, बिलात नसते एवढं नक्की!"

---

सातिवलीच्या कंपनीतले जोशी गावाहून परतले, की कोकणात वडिलांना एक घंटी द्यायचे. एकदा वडिलांनी फोन उचललाच. जोशी ओरडले, "अप्पा, उचलायचा नाही असं ठरलंय ना?"

पलीकडून अप्पा, "अरे हो, लक्षात आहे माझ्या. तेच सांगायला उचलला!"

---

एकदा केबल तुटली आणि आठवडाभर फोन बंद. मास्तर रंगात आले. "घंटी न वाजणं हीसुद्धा माहितीच!"

शेजारी कतरिन मावशी बसली होती. तिचा मुलगा पावलू आखातात, दर रविवारी चर्चमधली मिसा संपली की घंटी द्यायचा. ती म्हणाली, "तुमचा पोर लांब नाय मास्तर, म्हनून बोलता."

मास्तरांनी पेपरची घडी घातली. त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

---

मावशीने कित्येक वर्षांत पावलूचा आवाज ऐकला नव्हता. घंटी वाजून थांबली, तरी ती फोनकडे बघत बसायची. आज माझा नातू मोबाइलवर तास तास बोलतो. मला मात्र ती एक घंटी फार आठवते.

एका रविवारी घंटी वाजली आणि मावशीने रिसिव्हर उचलला! पलीकडचं मलाही ऐकू आलं, "आये? आये, काय झाला?" मावशी रिसिव्हर कानाशी घट्ट धरून नुसती ऐकत राहिली. लाइन तुटली, ती आठवडाभर परत लागली नाही.

पुढच्या रविवारी मिसा सुटली, तर दुकानाच्या दारात पावलू. दाढी वाढलेली, बॅग अजून खांद्यावर.

"आये, उचललास का? घरात काय झाला?"

मावशी बाकावरून उठली.

"काय नाय झाला रे. उभा रहा जरा, बगू दे."