सासू नसलेले सिनेमे

मांडव्याची केसर लग्न होऊन मुंबईला गेली ती स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी. तिचा दादला अनंता मूळचा बोर्ली पंचतनच्या खालच्या अंगाच्या कोळीवाड्यातला. पण बापाशीही पटेना आणि दर्याशीही पटेना, म्हणून गडी मुंबईला पळाला होता. फोर्टातल्या एका इंग्रजी थेटरात तो दारावर असायचा. अंगात पितळी बटणांचा लाल कोट, हातात बॅटरी. पहिल्यांदा त्याला त्या कोटात बघितलं आणि केसरला हसू आवरेना.

"बँडवाला दिसतोस," ती बोलली.

"आन् तू त्या बँडामागनं नाचत येणारी," तो म्हणाला.

थेटरात सकाळच्या खेळाला जुनी चित्रं लावत. गर्दी नसे, मॅनेजर उशिरा उगवे. अनंता केसरला मागच्या दाराने आत घ्यायचा आणि शेवटच्या रांगेत खांबाआड बसवायचा. इंग्रजीचं तिला अक्षर कळत नव्हतं. अनंताचीही मजल 'यस सर'च्या पुढे नव्हती. पण त्या चित्रांना भाषा हवी कुणाला? एक श्रीमंताघरची पोरगी असायची, नाकावर माशी बसू न देणारी. एक बाप्या असायचा, स्वतःला फार शहाणा समजणारा. दोघं भेटायची तीच मुळी भांडत. ती बोलायची, तो बोलायचा, मग दोघं एकदमच बोलायची, मासळीबाजारात भाव पाडताना बोलतात तशी. कुणी कुणाला पाण्यात ढकलायचं, कुणाची विजार फाटायची, भरल्या टेबलावरची भांडी खळाखळा खाली यायची, मोठमोठे साहेब घसरून पडायचे आणि त्यांच्या मडमा किंचाळायच्या. शेवटी मात्र दोघं एकमेकांच्या गळ्यात. केसर पदर तोंडात कोंबून हसायची आणि बॅटरी विझवून उभा असलेला अनंता तिचं हसणं बघून हसायचा.

नुसतं हसूच असतं तर ते घरी येईपर्यंत विरलं असतं. केसरच्या जिवाला चटका लागला तो वेगळाच. तिथली बाई तोंडाला येईल ते बोलत होती आणि बाप्या ऐकत होता! चिडायचा, पाय आपटायचा, पण नजर तिच्यावरून हलवायचा नाही. कोळणी काय बोलत नाहीत? गिऱ्हाइकाला सोडत नाहीत, शिपायाला सोडत नाहीत. पण घरी आल्या, टोपली खाली ठेवली, की तोंडाला कुलूप. केसरने आपल्या आईचं असंच बघितलं होतं. आणि इथे पडद्यावर बाई जितकी जास्त बोलत होती तितका तिचा माणूस तिच्यावर जास्त भुलत होता. हे असं जगात कुठेतरी आहे, या कल्पनेनेच तिला भरून यायचं.

त्यातही एका जातीची चित्रं दोघांना फार आवडत. नवराबायको तावातावाने कोर्टात जाऊन सोडचिठ्ठी घेतात. सुटलो एकदाचे, म्हणतात. आणि मग उरलेलं सगळं चित्र एकमेकांचा पिच्छा पुरवतात. तो तिच्या नव्या सोयरिकीत बिब्बा घालतो, ती त्याच्या. शेवटी धावत येतो तोच. दोन-तीन चित्रं तरी त्यांनी अशी बघितली. दर वेळी तो माणूस धावत आला की केसर अंधारात अनंताचा हात दाबायची.

खोलीवर आले की त्यांचा खेळ सुरू. भात करपला यावरून, कंदील कुणी पुसायचा यावरून, कशावरूनही. "मी चालले!" "जा की!" "जाईन, पण तुझा कोट घेऊन जाईन!" शेजारीपाजारी आधी दचकले, मग सरावले. एकदा भांडणाच्या भरात तिच्या तोंडून "अनंता!" असं त्याचं नाव गेलं आणि तिने जीभ चावली. दादल्याचं नाव! उखाण्याशिवाय कुठली बाई घेते? पण अनंता हुरळला. "आणखी एकदा बोल," म्हणाला. त्या दिवसापासून तो घरात अनंता झाला. बाई सुखात होती, हो. सुखात होती म्हणजे किती, ते तिलाही तेव्हा समजलं नाही.

मग अनंताचा बाप वारला. होडीला माणूस नाही, आई आवडाबाई एकटी. कोट थेटरात जमा करून अनंता गावी आला आणि पाठोपाठ केसर.

आता इथे एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. इतकी चित्रं बघितली, पण त्यातल्या एकाही बाईला सासू नव्हती. बाप असायचा, तोही विनोदी. एखादी खुळी मावशी असायची. सासू कुठेच नाही. नवऱ्याच्या होडीवरचे खलाशी नाहीत, चावडीवर बसलेले पंच नाहीत, पाण्याला जाताना थबकून ऐकणाऱ्या बाया नाहीत. सगळं भांडण दोघांचं दोघांतच! तसं जमत असेल तर कोणाचाही संसार जत्रेसारखा होईल.

आवडाबाई वाईट बाई नव्हती. पण तिने जन्मभर मान खाली घालून काढला होता, आणि आता सुनेची मान खाली बघायची तिची पाळी आली होती. ती पाळी सून येऊ देईना. चुलीपुढे बसून केसर दादल्याला "खोटारडा" म्हणते, वर तो हसतो, हे बघून म्हातारी आधी गप्प झाली, मग रडली, मग शेजारणीकडे गेली. हळूहळू अनंता हसायचा थांबला. आता बापाच्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, तोच होता, आणि खलाशी त्याला चिडवू लागले होते. "तांडेल, आज घरून परवानगी हाय ना?" तो घरी येऊन केसरला म्हणायचा, "आये घरात असताना नको गो." ती म्हणायची, "मग काय आयेला इचारून भांडू?" त्यावर पूर्वी तो उलटून बोलला असता. आता नुसता जेवून झोपायचा. केसरला वाटायचं, थकलाय. एकदा चांगला झटका दिला की पहिल्यासारखा होईल.

तो झटका तिने दिला. होड्या लागल्या होत्या, किनाऱ्यावर सारा कोळीवाडा उभा होता. अनंता खलाशांना काहीतरी ठणकावून सांगत होता, आणि केसर मागून मासळी धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन आली. "अनंता!" तिने भर किनाऱ्यावर हाक मारली. सगळी माणसं जागच्या जागी थांबली. तो वळला तशी तिने बादली त्याच्या अंगावर रिकामी केली आणि खळखळून हसली. त्या पाण्याखाली तिला तिचा पितळी बटणांवाला पुन्हा बघायचा होता. खलाशीही हसले. पण ते अनंताबरोबर हसत नव्हते, अनंताला हसत होते. त्याने तिच्या मुस्काटात मारली.

त्याने हात उगारण्याची ती पहिली वेळ. गाल चुरचुरत होता, पण केसरला त्याहून जास्त लागलं ते हे, की मारल्यावर त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. बघितलं ते खलाशांकडे.

आवडाबाईने पंचांना बोलावलं. कोळीवाड्याचा पाटील कोंडाजी मध्ये बसला. माणूस समजूतदार होता, त्याने साधी वाट काढली. "सासूच्या पाया पड. दादल्याचं नाव पुन्हा घेणार न्हाय, असं दर्याकडे तोंड करून बोल. इषय मिटला."

"आन् न्हाय बोलले तर?"

"तर काडी हाय."

काडीमोड म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की नवरा मोकळा, बायको मोकळी. केसरने अनंताकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. आणि तिच्या डोक्यात काय वीज चमकली कोण जाणे! पडद्यावरची ती सगळी कोर्टं तिच्या डोळ्यांपुढे आली. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"मग मोडा काडी! मला तरी कुठं हौस हाय या बँडवाल्याची!"

आता तो उठेल, तिला वाटलं. उठेल आणि म्हणेल, तू कोण मला सोडणार, मीच तुला सोडतो. मग दोघांची जुंपेल, आणि कोंडाजीचा आ वासलेला राहील. अनंता उठलाच. छपरातली पेंढ्याची काडी त्याने ओढून काढली. तिच्याकडे बघितलं. त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तो हसला होता, असं ती पुढे कित्येक वर्षं शपथेवर सांगायची. कदाचित ते हसू नसेलही. रडू येतानाही ओठ तसेच हलतात. काडी मोडली. आवडाबाईने पुढे होऊन सुनेच्या गळ्यातलं डोरलं काढून घेतलं, तेव्हाही केसर आतून हसू दाबत होती. काढ बये, आठ दिसांत तुझाच ल्योक परत बांधायला येईल. ती ताठ मानेने मांडव्याला, भाऊ गुणाजीकडे आली आणि वाट बघत बसली.

आठ दिवस गेले, नारळी पुनव आली नि गेली, पावसाळा गेला. केसर मासळी विकायची, सुकवायची, आणि होडी लागली की मान वर करून बघायची. पाटाच्या, म्हणजे दुसऱ्या लग्नाच्या, मागण्या आल्या. तिने साफ सांगितलं, "माझा दादला येणार हाय." गुणाजी कपाळावर हात मारायचा. "काडी मोडली गो! मोडली!" ती म्हणायची, "तुला काय समजतं? मोडल्याबिगर येणार कसा?"

वाळवणावर बसल्या बसल्या ती बायांना ते सिनेमे सांगायची. काय सांगायची! साहेब व्हायची, मडम व्हायची, पडणारी बशी व्हायची. ज्या बायांनी जन्मात मांडव्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं त्या पोट धरधरून लोळायच्या. "आणखी एकदा सांग, ती त्याला काय बोलली?" बाई नवऱ्याला काय बोलली, तेवढंच त्यांना पुन्हा पुन्हा हवं असायचं. ऐकून झालं की डोळे पुसायच्या आणि मुकाट घरी जायच्या. एकीने एकदाच विचारलं, "आन् तो न्हायच आला तर गो?" केसर म्हणाली, "असं चित्र मी बघितलं न्हाय."

अनंताने पाट लावल्याची बातमी आली. बायको चौलाकडची, रतन नावाची. गुणाजीला वाटलं आता तरी हिचे डोळे उघडतील. पण केसर एक दिवस न जेवता बसली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्यातबी असंच असतं. मधी एक भलतीच येते." भावजय तोंड फिरवून रडली.

रोज मासळी चिरता चिरता ती मनात त्याच्याशी भांडायची. हे बोलेन, तो ते बोलेल, मग मी असं बोलेन. शिव्यासुद्धा ठरवून ठेवल्या होत्या, एकेक घासूनपुसून.

आणि पाच-सहा वर्षांनी एका सकाळी अनंता खरंच आला.

होडी लागतानाच तिने त्याला ओळखलं. धावत घरात गेली, ठेवणीतलं लुगडं नेसली, हात धुतले, पुन्हा धुतले, वास जातो का बघितलं. तो अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा ती दारात कमरेवर हात ठेवून तयार होती.

"आलास? एवढा उशीर? वाटेत काय गलबत बांधीत बसला होतास, अनंता?"

तो हसला नाही. पिशवीतून नारळ काढून त्याने दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला आणि हात जोडले.

"रतनची दोन पोरं गेली," तो नारळाकडे बघत बोलला. "तिसरी पोरगी तापात पडली हाय. भगत बोलला, पहिलीचा तळतळाट हाय घरावर. तिनं नारळावर हात ठेवून मन मोकळं केलं, तर पोरगी वाचंल."

केसरला आधी उमजेना. तळतळाट? तिचा? तिने त्याला रोज शिव्या दिल्या होत्या, खरंच दिल्या होत्या, पण त्या मायेच्या होत्या रे! त्याच तर लागल्या नसतील त्या पोरांना? तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो भ्यायला होता. तिला भ्यायला होता, स्मशानातल्या झाडाला भ्यावं तसा.

"ठेवते हात," ती म्हणाली. "वाचंल तुझी पोरगी. पण एकदा माझ्याशी भांड. एकदाच. नाव ठेव मला, शिवी दे. काय वाटंल ते बोल, मग मी ठेवते."

अनंता एक पाऊल मागे सरला.

"मी कशाला भांडू तुमच्याशी?" तो अदबीने म्हणाला. "तुमच्याशी माझं काय भांडण न्हाय, बाय."

तुमच्याशी, म्हणाला. केसर खाली बसली. नारळावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या मनात काय न्हाय. सुखी ऱ्हावा." त्याने नारळ उचलला, पुन्हा हात जोडले आणि भराभर होडीकडे गेला. पोरगी वाचल्याचं पुढे कळलं. केसरने त्या दिवशी देवाला साखर ठेवली आणि न्हाणीत जाऊन हमसून हमसून रडली.

त्याच वर्षी तिने पाटाला होकार दिला. तुळशीराम म्हणून बिजवर होता, कष्टाळू, कमी बोलणारा, देवमाणूस. तो काही म्हणाला की ती "व्हय" म्हणायची, ती काही म्हणाली की तो "बरं" म्हणायचा. त्याचं नाव तिने कधी तोंडात घेतलं नाही. वाळवणावर बाया सिनेमा सांग म्हणून मागे लागल्या की म्हणायची, इसरले. गुणाजीच्या जिवाचा घोर मिटला. पुढे मांडव्यात नवी सून आली की थोरल्या बाया तिला आधी या जोड्याच्या पाया पडायला घेऊन यायच्या. जोडा असावा तर असा, म्हणायच्या, इतकी वर्षं झाली पण या घरातून कधी वर चढलेला आवाज ऐकला नाही.