चालणारी हळद

परवा शेतकी कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं माझ्या कुंडीतल्या पाचटावरचा पिवळा गोळा वाकून निरखला. म्हणाली, "आजी, ही श्लेष्मबुरशी. ओल्या पाचटावर जगते, हळूहळू सरकते. झाडाला काही करत नाही." मला हसू फुटलं. या पिवळ्या बयेला मी तरुणपणी हात जोडलेत!

तेव्हा मी तुळजापुरात नवी सून होते. उमरग्याहून, माहेरच्या मोगऱ्याची एक काडी आणून परसात लावली होती. बुडाशी उसाचं पाचट अंथरलेलं. माहेर म्हणून जवळ तेवढंच. भादव्यात एका सकाळी बघते तर पाचटावर ओंजळभर हळद सांडल्यासारखी, ओली, फुगलेली. सासूबाईंनी लांबूनच फर्मान काढलं, "रोग पडला. उपटून टाक ते झाड."

मी रडत चालढकल केली. दुसऱ्या दिवशी हळद वीतभर पुढं गेलेली! मग मी, शहाण्यांची शहाणी, हळदीला हात जोडून सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, रोग न्हाय हो. देवी चालतीया."

"अगं येडे, देवी सध्या निद्रेला हाय. पलंगावर निजलेली देवी तुझ्या परसात कशाला हिंडंल?"

"झोपंत चालत असंल की!"

देवीला झोपेत चालायची खोड लावणारी सून आत्याबाईंनी पहिल्यांदाच पाहिली असावी. शेवटी म्हणाल्या, "घटस्थापनेला देवी उठती. तवर ऱ्हाऊ दे. तवाबी हे दिसलं, तर मी सवता उपटणार."

मग मी रोज दुपारी तिथंच बसायची. घर निजलेलं, आभाळ खाली उतरलेलं, आणि हळद सरकायची. नजर लावली की थांबायची, पापणी लवली की पुढं. मी जागी आहे का तिच्याबरोबर झोपेत चालतेय, कळायचं नाही. एकदा तर मी तिला कुंकूही लावलं, आणि ते घेऊन ती निघाली!

घटाच्या सकाळी आत्याबाई खुरपं घेऊन आल्या. हळद नव्हती, नुसती करडी पापडी उरलेली. त्यांनी खुरप्याचं टोक लावलं, तशी तपकिरी भुकटी धुरासारखी उडून त्यांच्या नाकावर बसली. त्या दोनदा शिंकल्या.

"उठली वाटतं तुझी," म्हणाल्या. मग पदर खोचून खाली बसल्या आणि त्याच खुरप्यानं मोगऱ्याभोवतीचं तण काढू लागल्या.