एक पॉइंट आठ

घाटकोपरच्या एका शाळेत मी सहावीला गणित शिकवते. अपूर्णांकाचं दशांश रूप काढा, दोन स्थळांपर्यंत किंमत घ्या, तिसरा अंक पाच किंवा मोठा असेल तर आधीच्यात एक मिळवा, नाहीतर सोडून द्या. वर्षानुवर्षं हे फळ्यावर लिहीत आले, त्यात छाती दडपण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. मग माझी मुलगी दिवस भरायच्या फार आधी जन्मली आणि मुलुंडच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत जाऊन पडली. डॉक्टर म्हणाले, "वजन एक पॉइंट आठ किलो झालं, की घरी न्या."

तेव्हापासून आमच्या घरात चहाच्या आधी वजनाची चौकशी व्हायची. एका सकाळी मी सासूबाईंना फोनवर सांगितलं, "आज एक पॉइंट पंच्याहत्तर." तासाभरात त्या कुंची, दुपटी आणि रिक्षावाल्याला थांबवून ठेवल्याची बातमी घेऊन वॉर्डाच्या दाराशी हजर.

"अगं, आठच हवे होते ना? इथे पंच्याहत्तर झालेत. चल, आवर."

माझे अर्धे विद्यार्थी दरवर्षी हीच चूक करतात आणि मी त्यांच्यावर खेकसते. सासूबाईंवर खेकसायची सोय नव्हती. म्हटलं, "आई, पॉइंट आठ म्हणजे ऐंशी धरायचे. आणि पॉइंट पंच्याहत्तर म्हणजे पाऊण."

"मग सरळ पावणेदोन म्हण की!" लहानपणी पावकी, पाऊणकी घोकलेली बाई ती, भडकलीच. मग हळूच विचारलं, "किती कमी पडतं?"

"पन्नास ग्रॅम."

"म्हणजे एक लिंबू," असं म्हणून त्यांनी रिक्षा सोडून दिली आणि कुंची पिशवीत परत ठेवली.

एवढंसं लिंबू, पण ते थेंब थेंब दुधातून कमवायचं होतं, आणि कमावणारीच्या हाताची मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. मी तिला उराशी धरून बसायचे, तेव्हा तिचा श्वास मला मोजता यायचा. भीती वाटायची आणि भीतीपेक्षा जास्त नवल वाटायचं.

तिसऱ्या सकाळी सिस्टरने तिला काट्यावर ठेवलं. आकडे पळाले, डळमळले, थांबले. एक पॉइंट सात नऊ सहा.

"झालं," मी म्हटलं. "शेवटचा सहा आहे, पाचापेक्षा मोठा. एक पॉइंट आठ झालं. नियमच आहे तसा."

सिस्टर माझ्याच वयाची, बोलायला फटकळ. "नियम तुमच्या वर्गात, मॅडम. अजून चार ग्रॅम बाकी आहेत. तिचे तिला मिळवू द्या ना."

मला भयंकर राग आला. चार ग्रॅम म्हणजे चमचाभर साखर. मग पेटीकडे पाहिलं. ती झोपेतच ओठ हलवत होती, जणू दूध प्यायची तालीम करत होती. मुलांना मी सांगत आले होते की तिसऱ्या स्थळाला काही अर्थ नसतो. इथे त्या तिसऱ्या स्थळावर एक माणूस वाढत होतं, माझ्या डोळ्यांसमोर, कुणाची मदत न मागता. माझा राग तिथेच विरला.

दुसऱ्या दिवशी काटा एक पॉइंट आठ एक दोनवर थांबला. सिस्टरने एकेक अंक मोठ्याने वाचला. सासूबाईंनी हात जोडले, मी उभ्या उभ्या रडले. डॉक्टर आले, बाळाला तपासलं आणि घरी जायच्या कार्डावर लिहिलं, वजन १.८ किलो.

"डॉक्टर, बारा ग्रॅम राहिले."

"त्याने काय फरक पडतो?" ते हसले.

एकाच स्थळापर्यंत किंमत घ्यायची तर नियमाने त्यांचं बरोबरच होतं. पाचापेक्षा लहान अंक, सोडून द्यायचा. माझ्या वर्गात मी त्यावर पूर्ण मार्क दिले असते. पण मी ते कार्ड त्यांच्यापुढे तसंच धरून उभी राहिले, त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढून आठच्या पुढे एक आणि दोन लिहीपर्यंत.